समुद्राकाठचे बारमाही घर

समुद्राकाठी आपले एखादे घर असावे, ही इच्छा मराठी माणसाला नवीन नाही. पोटापाण्यासाठी चेन्नईत येऊन स्थायिक झालेल्या आम्हा मंडळींपैकी ज्यांची मुळे कोकणात आहेत, त्यांच्या बाबतीत तर ती गावी परतण्याच्या ओढीशीच एकजीव झालेली असते. संध्याकाळी मरिनावर फिरावयास जावे, खारा वारा अंगावर घ्यावा, आणि परतताना कोणीतरी म्हणावेच, की इथे वाळूच्या कडेला चार खोल्यांचे घर असते तर काय बहार झाली असती! हा उद्गार काढणारा मनुष्य एका संध्याकाळचा विचार करीत असतो. घर मात्र बारा महिन्यांचे असते. वैशाखातली दुपार, कार्तिकातले वादळ, भिंतीला लागणारा लोणा आणि विहिरीचे मचूळ होत जाणारे पाणी, हे सारे त्या बारा महिन्यांत येते.

या इच्छेचे पुढे काय होते हे पाहावयाचे असेल, तर मद्रासच्या किनाऱ्याइतके बोलके ठिकाण दुसरे सापडणे कठीण. इंग्रजांनी येथे वाळूवर किल्ला उभारला, त्याला पावणेचारशेहून अधिक वर्षे होऊन गेली. तेव्हापासून नबाब, लष्करी अधिकारी, वकील, धर्मचिंतक, चित्रकार अशा अनेकांनी येथे समुद्राच्या सहवासात राहण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या वास्तूंचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. मोठ्या माणसांनी बांधलेली समुद्राकाठची घरे येथे घरे म्हणून फार काळ टिकली नाहीत. कोणाची कचेरी झाली, कोणाचे कॉलेज झाले, कोणाचे स्मारक. बाराही महिने, पिढ्यान्‌पिढ्या, समुद्राकाठी राहिले ते मच्छीमार. असे का झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक अडचण दूर केली पाहिजे. आमचे समुद्रविषयक ज्ञान हे पश्चिम समुद्राचे ज्ञान आहे. गुहागर, मुरूड, दिवेआगर ही गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तेथील रचना आठवेल. मधून जाणारा गावाचा रस्ता, दोहों बाजूंस घरे, समुद्राकडील घरांच्या पाठीशी नारळी-पोफळींची वाडी, वाडीपलीकडे सुरूचे वा केवड्याचे बन, आणि मग पुळण. समुद्र रात्रंदिवस ऐकू येतो, पण ओटीवरून दिसत नाही. भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर उतरते, वळचण इतकी पुढे की पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात. चार महिने नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस सोसावयाचा, त्यासाठी पडवीला झावळ्यांचे आडोसे बांधावयाचे, आणि उरलेले आठ महिने शांत समुद्राशी मैत्री करावयाची, हा त्या घराचा जीवनक्रम. या पंचांगावर वाढलेला मनुष्य मद्रासेत आला, की त्याला ते पंचांग उलटे धरून वाचावे लागते.

येथे समुद्र पूर्वेस आहे. सकाळचे ऊन समुद्रावरून येते आणि दुपारचे, अधिक जाचणारे ऊन जमिनीच्या बाजूने. ज्येष्ठ-आषाढात कोकण पावसाने भिजत असते, तेव्हा तेच पश्चिमेचे वारे सह्याद्रीवर आपला ओलावा सांडून कोरडे व तापलेले होऊन मद्रासला पोहोचतात. पाऊस झालाच तर संध्याकाळच्या वळवासारखा. खरा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून. वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांतच पडतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा मुख्य हंगामही हाच. आम्ही आकाशकंदील उतरवितो न उतरवितो तोच येथील माणूस खिडक्यांच्या कड्या तपासू लागतो.

वाऱ्याचेही तसेच. शाळेच्या भूगोलात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. त्या दोन शब्दांचा खरा अर्थ कळतो तो चेन्नईच्या मे महिन्यात. 'अग्निनक्षत्रा'च्या त्या पंचवीसएक दिवसांत सकाळपासून जमिनीकडून भट्टीसारखा वारा येत असतो, आणि सारे शहर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहात असते. तो कधी मध्यान्हापूर्वी येतो, कधी तीन वाजेपर्यंत येत नाही, आणि पश्चिमेचा वारा जोरात असला तर त्याला आत शिरावयास फारच उशीर होतो. जो जो तो शहरात खोल जातो तो तो त्याचे बळ कमी होते. किनाऱ्यालगतचा पहिला मैल हा या वाऱ्याचा मानकरी. समुद्राकाठी घर बांधण्याचे मद्रासेतील सगळे समर्थन या एका वाऱ्यात आहे, आणि त्याविरुद्धची बहुतेक सगळी कारणेही त्याच वाऱ्याने आणलेल्या मिठात आहेत.

१६३९ साली फ्रान्सिस डे याने येथील नायकाकडून जागेची सनद मिळविली आणि पुढील वर्षी सेंट जॉर्ज किल्ल्याचा पहिला भाग उभा राहिला. बंदर नव्हतेच. जहाजे दूर नांगर टाकून उभी राहात, आणि माणसे व माल खिळे न मारता काथ्याने शिवलेल्या मसुला नावांतून, फुटणाऱ्या लाटांमधून काठावर येत. अशा उघड्या किनाऱ्यावर किल्ला बांधण्याचे कारण व्यापार आणि संरक्षण हे होते. हवापाणी हे कारण नव्हते. म्हणूनच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांचे भय ओसरले आणि हाती पैसा खेळू लागला, तसे गोरे व्यापारी व अधिकारी किल्ल्यातून बाहेर पडले ते समुद्राकडे पाठ करून. त्यांनी आपली 'बागघरे' आत, चुल्ट्री प्लेनच्या मोकळ्या माळावर बांधली. खोल व्हरांडे, उंच छत, झिलमिली दारे, वाळ्याच्या ताट्या, घराभोवती विस्तीर्ण आवार. समुद्र त्यांना वाऱ्यापुरता हवा होता. तो दोन-तीन मैलांवर असला तरी चालण्यासारखे होते.

या घरांची बांधणी मात्र समुद्राच्याच हवेला पुरून उरण्यासाठी घडली होती. देशावरचे माळवद ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 'मद्रास गच्ची' लवकर समजेल. सागवानी तुळयांवर जवळजवळ कड्या टाकावयाच्या. त्यांवर पातळ, लहान विटा उभ्या काटावर, तिरप्या ओळींत चुन्याने बसवावयाच्या. वर विटांचे तुकडे व चुना यांचा जाड थर देऊन तो दिवसच्या दिवस लाकडी थाप्यांनी ठोकावयाचा. ठोकताना त्यावर हिरडा व गूळ यांचे पाणी शिंपडावयाचे. आणि शेवटी सपाट कौलांनी तो झाकावयाचा. या साऱ्यात लोखंड जवळजवळ नाही. भिंतींचा गिलावा शिंपल्यांच्या चुन्याचा. खाडीतून काढलेले शिंपले भाजून केलेला हा चुना अत्यंत शुभ्र व बारीक असे. त्याचे एकावर एक थर देत, अखेरच्या थरात अंड्याचा पांढरा बलक, दही, तूप असे पदार्थ घालून, शंखजिऱ्याची पूड मारून तो दगडाने घोटीत. मद्रासच्या खांबांना प्रवासी संगमरवर समजत, ती या घोटाईची करामत. या चकाकीपेक्षाही आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो चुन्याचा दुसरा गुण. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेला ओलावा तिच्यातूनच बाहेर पडतो. लोणा आला तरी तो वरच्या थरावर येतो, आणि दरवर्षी सफेदी करताना तेवढा थर खरवडून टाकता येतो. म्हणजे ही बांधणी न झिजणारी मुळीच नव्हती. ती झिजेल हे मान्य करून तिची डागडुजी सोपी ठेवलेली होती.

तरीही थेट किनाऱ्यावर घर बांधणारे निघालेच. त्यांतील सर्वांत मोठे घर अर्काटचे नबाब मुहम्मद अली वालाजाह यांचे. त्यांचा चेपॉकचा महाल १७६८ साली उभा राहिला. त्याचा बांधणारा पॉल बेनफील्ड असे परंपरेने सांगतात. या बेनफील्डचे नाव मराठी वाचकाने विसरू नये. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावरचे मराठी राज्य घेतले आणि तुळजाजी राजांना कैदेत टाकले. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगट याने तंजावर तुळजाजींना परत दिले, तेव्हा तंजावरच्या पिकांवर आपले लाखो रुपयांचे कर्ज आहे म्हणून दावा सांगत हाच बेनफील्ड उभा राहिला. त्या भांडणात पिगटला त्याच्याच सहकाऱ्यांनी अटक केली आणि अटकेतच त्याचा अंत झाला. नबाबांचे ऐश्वर्य ज्या कर्जाच्या पायावर उभे होते, ते किनाऱ्याच्या वाळूइतकेच भुसभुशीत होते. १८५५ साली शेवटचे नबाब वारले, गादी खालसा झाली, आणि महाल लिलावात काढला गेला तो सरकारनेच विकत घेतला. कालस महाल व हुमायून महाल ही त्याची अंगे पुढे कचेऱ्यांनी भरून गेली. त्याला जोड देणारे वास्तुशिल्पी रॉबर्ट चिझम हे आम्हाला दुसऱ्या एका कारणाने ओळखीचे आहेत. मेजर मँट यांच्या पश्चात बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्यांनीच पुरा केला.

दुसरे घर कॅपर हाउस. कर्नल कॅपर या लष्करी अधिकाऱ्याचे नाव लाभलेले हे किनाऱ्यावरचे जुने घर. पुढे ते हॉटेल झाले आणि १९१४ मध्ये तेथे स्त्रियांचे सरकारी कॉलेज सुरू झाले, तेच आजचे क्वीन मेरी कॉलेज. ते मूळ घर आज उभे नाही. याच आडनावाचे दुसरे एक अधिकारी, जेम्स कॅपर, यांनी १८०१ साली वारे आणि मोसमी वारे यांवर ग्रंथ लिहून कोरोमंडलची वादळे ही प्रचंड वावटळीच असतात असे प्रतिपादन केले. त्या वादळांना 'सायक्लोन' हे नाव कलकत्त्याचे पिडिंग्टन यांनी दिले ते त्यानंतर चार-पाच दशकांनी. ईशान्येकडून सुरू झालेला वारा मध्येच थांबून उलट दिशेने का येतो, हे त्या सिद्धान्तावरून कळते. आणि समुद्राकाठच्या घराला एकच बाजू मजबूत असून भागत नाही, हेही त्यातूनच निघते.

तिसऱ्या घराची कथा सर्वांत शिकविणारी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतून हिवाळ्यात कापलेले बर्फ जहाजांनी हिंदुस्थानात आणून विकण्याचा उद्योग फ्रेडरिक ट्यूडर याने केला. ते बर्फ साठविण्यासाठी १८४२ साली मद्रासच्या किनाऱ्यावर 'आइस हाउस' बांधले गेले. बर्फासाठी बांधलेली वास्तू ती. वारा व उष्णता बाहेर ठेवणे हेच तिचे काम. यंत्राने बर्फ होऊ लागले तसा हा धंदा बसला, आणि ती वास्तू उच्च न्यायालयातील वकील बिळिगिरी अय्यंगार यांनी घेतली. त्यांनी तिला गोलाकार व्हरांडे जोडले, पुष्कळशा खिडक्या पाडल्या आणि न्यायमूर्ती कर्नन या आपल्या स्नेह्यांचे नाव देऊन तिचा 'कॅसल कर्नन' केला. समोर समुद्र, चहूंकडे खिडक्या. तरीही घरात हवा नीट खेळेना, आणि राहावयास ते सुखाचे ठरले नाही. जी वास्तू मुळात वाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी जन्मली, तिच्या भिंतीला नंतर कितीही भोके पाडली तरी ती श्वास घ्यावयास शिकत नाही, हा त्यातील धडा. आजची काचेने बंद केलेली आणि यंत्राने थंड ठेवलेली समुद्राकाठची घरे पाहिली, की आम्हाला हे बर्फाचे कोठार आठवते.

पण घर म्हणून फसलेल्या या वास्तूने दुसरी कामे उत्तम केली. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद परदेशातून परतले ते येथे नऊ दिवस राहिले, आणि त्यानंतर काही वर्षे रामकृष्णानंदांचा मठ येथे होता. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुब्बलक्ष्मी यांनी बालविधवांचे वसतिगृह येथे आणले. कोकणातल्या मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर जे कार्य केले, तेच येथे समुद्राकाठी झाले. ज्यांना वस्तीत जागा नव्हती त्यांना एकाने माळ दिला, एकीने किनारा. आज ही वास्तू 'विवेकानंदर इल्लम' म्हणून ओळखली जाते.

बर्फ उतरवावयास सोयीचे म्हणून पाण्यालगत बांधलेल्या या कोठारापासून आज समुद्र मात्र कितीतरी दूर गेला आहे. तो आपण होऊन गेलेला नाही. १८७५ च्या अखेरीस मद्रासच्या कृत्रिम बंदराची पायाभरणी झाली. १८८१ च्या नोव्हेंबरातील वादळाने ते काम जवळजवळ पुरे होत आले असता उद्ध्वस्त केले, पण ते पुन्हा उभारले गेले. या किनाऱ्याने वर्षातील बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहात असते. बंदराच्या भिंतींनी ती अडविली आणि दक्षिणेस वाळूचे मैदान वाढू लागले. १८८१ ते १८८६ या काळातील गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी त्या काठाने फिरण्याचा रस्ता केला, आणि १८८४ मध्ये सिसिलीतील आठवणींवरून त्याला मरिना हे नाव दिले. साताऱ्यास राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांचे हे चिरंजीव, आणि त्यांचे नाव मुंबईच्या एल्फिन्स्टन साहेबांवरून ठेवलेले. बापाने मराठ्यांच्या राज्याची बखर लिहिली. मुलाने मद्रासला तिचा किनारा दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र निसर्गाच्या जमाखर्चात एका बाजूस जमा झाले की दुसऱ्या बाजूस खर्ची पडतेच. दक्षिणेस जी वाळू साचली ती उत्तरेस रायपुरम, तिरुवोट्टियूर या भागांना मिळेनाशी झाली. तेथे समुद्र आत शिरत गेला, मच्छीमारांची घरे व रस्ते गिळू लागला, आणि अखेर प्रचंड दगडांचे बांध घालून त्याला थोपवावे लागले. त्या दगडांमागे राहणाऱ्याला पुळण उरलेली नाही. नाव ओढून ठेवावयास जागा नाही. मरिनावर संध्याकाळी आपण ज्या वाळूवर बसतो ती कोणाच्या तरी अंगणातून आलेली आहे, याचे भान समुद्राकाठी घर बांधू पाहणाराने तरी ठेवले पाहिजे. समुद्राची रेषा ही शेताच्या बांधासारखी कायमची नसते. तिच्याकडे पाहून घराचा नकाशा काढावयाचा, तर ती शंभर वर्षांत कोठे होती हे आधी विचारले पाहिजे.

हे प्रश्न ज्यांना कधी विचारावे लागले नाहीत, ते या किनाऱ्यावरील कुप्पमांचे रहिवासी. नोच्चिकुप्पम, अयोध्याकुप्पम, ऊरूरकुप्पम ही त्यांची गावे शहराने वेढली गेली तरी अजून नावाने व माणसांनी नांदती आहेत. प्राचीन तमिळ काव्यशास्त्राने भूमीचे जे पाच प्रकार मानले, त्यांत समुद्रकाठाला 'नेय्दल' असे स्वतंत्र स्थान आहे. इतकी ही वस्ती जुनी. तमिळ भाषेत वाऱ्याला दिशेवार नावे आहेत : उत्तरेचा वाडै, दक्षिणेचा तेन्रल, पूर्वेचा कोंडल, पश्चिमेचा कोडै. ज्या भाषेत चार वाऱ्यांना चार नावे आहेत, त्या भाषेत घराच्या चार भिंती सारख्या कशा असतील? जुन्या कोळीघराची रचना साधी होती. सुरूच्या वाशांचा सांगाडा, दोरीने घट्ट बांधलेले झावळ्यांचे छप्पर, वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये इतकी खाली आलेली वळचण. पुढे नावा व जाळी, मागे वाळूच्या उंचवट्यावर घरे. वारा या घरावरून घसरून जाई. मोठ्या वादळात घर पडलेच तर छपराखाली सापडून माणूस दगावण्याचे भय कमी, आणि थोड्या दिवसांत ते पुन्हा उभे राही.

या घराचे आम्ही उगाच गोडवे गात नाही. आगीचे भय, दारिद्र्य, पावसाचे गळते छप्पर, हे सारे त्या घरात होते. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीची लाट आली, तेव्हा सर्वांत आधी व सर्वांत अधिक हानी झाली ती याच वस्त्यांची. त्यानंतर २००५ मध्ये तामिळनाडू सरकारने, भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांच्या आत राहणाऱ्यांना मागे पक्के घर देऊ केले. जे जाणार नाहीत त्यांनी आपली दुरुस्ती आपल्या खर्चाने करावी, असे ठरविले. वरवर पाहता हा विचार योग्यच वाटतो. पण मच्छीमाराला समुद्र डोळ्यांसमोर लागतो तो शोभेसाठी नव्हे. पाण्याचा रंग, लाटेची उंची, शेजाऱ्याची परतणारी नाव हे पाहून तो आपला दिवस ठरवितो, आणि नाव व जाळी नजरेआड ठेवून त्याला झोप येत नाही. १९८५ साली मरिनाच्या सुशोभीकरणासाठी त्यांच्या नावा व जाळी हलविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा प्रकरण गोळीबारापर्यंत गेले होते. ज्यांचे घर समुद्राकाठी असणे ही गरज आहे त्यांना मागे सरकविणे आणि ज्यांचे असणे ही हौस आहे त्यांना पुढे येऊ देणे, हा अन्याय या किनाऱ्याच्या इतिहासात पुनःपुन्हा डोके वर काढतो.

हौस आणि गरज यांच्या मध्ये बसणारा एक प्रयोग मात्र आदराने सांगितला पाहिजे. १९६६ साली चित्रकार के. सी. एस. पणिकर व त्यांचे सहकारी यांनी शहराच्या दक्षिणेस इंजंबाक्कम येथे चोलमंडल हे कलाकारांचे गाव वसविले. कापडावरील बाटिकसारखी हस्तकलेची कामे विकून त्यांनी पैसा उभा केला, वाळूची जमीन घेतली, आणि स्वतःच्या लहान झोपड्या-घरे बांधून तेथे बाराही महिने राहू लागले. संस्था व घर या दोहोंना एकत्र टिकविणारे असे उदाहरण या किनाऱ्यावर विरळाच. त्याच रस्त्याने पुढे जी समुद्रमुखी बंगल्यांची रांग झाली, त्यांतील कित्येक घरे आठवड्यातील दोन दिवस उघडतात आणि पाच दिवस मीठ खात उभी असतात.

मीठ खाणे हा येथे केवळ वाक्प्रचार नव्हे. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपत जाऊन आतील लोखंडी सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि वरचे काँक्रीट फुगून ढलप्यांनी गळून पडते. म्हणूनच २००० सालच्या भारतीय मानकसंहितेने किनाऱ्यावरील हवेला 'तीव्र' वर्गात घालून सळईवर निदान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण मागितले आहे. जुन्या मद्रास गच्चीत लोखंड नव्हते. त्यामुळे तिला हा रोगच नव्हता. तिचे शत्रू वेगळे होते, वाळवी आणि गळती, आणि ते डोळ्यांना दिसत. काँक्रीटचा रोग आत वाढतो आणि उशिरा दिसतो.

पाण्याचेही असेच आहे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर शास्त्राच्या ढोबळ हिशेबाने खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. वरचे एक फूट पाणी पंपाने उपसले की खालून चाळीस फूट खारे पाणी वर सरकते. तिरुवान्मियूरपासून दक्षिणेकडील वाळूचे पट्टे हे शहराचे गोड्या पाण्याचे कोठार. घरे वाढली तसे ते कोठार उणे झाले. २००३ मध्ये तामिळनाडूने प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सक्ती केली, ती या अनुभवातून. समुद्राकाठच्या घराची गच्ची ही हवा खाण्याइतकीच विहीर भरण्याची जागा आहे.

तर मग चेन्नईच्या किनाऱ्यावर बारमाही घर कसे असावे? इतिहासाने दिलेली उत्तरे थोडक्यात मांडता येतील. घर मागे असावे. १९९१ च्या किनारा नियमनाने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. त्यातील अंतरे पुढील नियमांत सैल होत गेली आहेत, पण कायद्याने सूट दिली म्हणून समुद्राने दिली असे होत नाही. घर आणि पुळण यांच्या मध्ये गुहागरच्या वाडीसारखे झाडांचे बन असावे आणि वाळूची टेकाडे सपाट करू नयेत. जोते उंच असावे. पूर्वेस खोल व्हरांडा असावा, म्हणजे सकाळचे ऊन अडेल आणि दुपारचा खारा वारा आत येईल. तो आत आला की त्याला बाहेर जाण्यास वाट हवी. पश्चिमेची भिंत जाड असावी, तिच्यात उंचावर लहान झरोके असावेत, आणि जिना, कोठी, न्हाणी त्या बाजूस घालून राहत्या खोल्यांना सावली द्यावी. उत्तरेकडची बाजू ऊन लागत नाही म्हणून उघडी टाकू नये. या अक्षांशावर एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो, आणि कार्तिकातला पाऊसही ईशान्येकडूनच येतो. त्या बाजूस भक्कम लाकडी झडपा हव्यात. बिजागऱ्या व कड्या पितळेच्या असाव्यात. भिंतीला चुना असावा, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तिच्यासाठी चार दिवस व चार पैसे बाजूस काढलेले असावेत.

ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे. चेपॉकचा महाल, कॅपर हाउस, कॅसल कर्नन ही घरे घरे म्हणून का संपली, याचे उत्तर आमच्या मते तिच्यात आहे. समुद्राकाठचे घर एकदा बांधून होत नाही. ते दरवर्षी थोडे थोडे बांधावे लागते. एका माणसाची सत्ता, संपत्ती किंवा उत्साह संपला की ते काम थांबते, आणि मग एखादी संस्था येऊन ते खांद्यावर घेते. कुप्पमातील माणसाला हे कोणी शिकविण्याची गरज पडली नाही. त्याच्या छपराचे झाप, त्याची नाव, त्याचे जाळे, सगळेच दरसाल दुरुस्त करावे लागते. त्याच्यासाठी राहणे आणि दुरुस्त करणे या दोन गोष्टी नव्हत्याच.

अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातील प्रसिद्ध वटवृक्षाचा मूळ बुंधा १९८९ च्या वादळी वाऱ्यात कोसळला; पारंब्यांनी मात्र जमिनीत पाय रोवले होते, म्हणून झाड राहिले. चेपॉकच्या कालस महालाला २०१२ च्या जानेवारीत आग लागली. त्याची पुढे दुरुस्ती झाली, आणि आता तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दक्षिणेकडील पीठ बसते. समुद्रापासून किती अंतरावर घर बांधावे याचे वाद, नबाबांनी समुद्राकाठी हौसेने बांधलेल्या त्याच घरात आज चालतात. मरिनावर फिरून परतताना पुन्हा कोणी घराची इच्छा बोलून दाखविली, तर आम्ही त्याला नाही म्हणणार नाही. त्या महालावरून चालत चालत नोच्चिकुप्पमपर्यंत त्याला घेऊन जाऊ, आणि संध्याकाळी जाळे विणीत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला, उद्या कोणता वारा येणार, एवढे विचारावयास सांगू.